साध्या मजकुरातील तक्ते आणि पॅनडॉक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांतील शेतकरी गट, गृहनिर्माण संस्था आणि लहान कार्यालये यांचे अहवाल साध्या मजकुराच्या फायलींतून तयार करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे आले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. मथळे, परिच्छेद आणि याद्या यांच्यापाशी सहसा कोणी अडत नाही. अडते ते तक्त्यापाशी, आणि मजकूर मराठी असला की हमखास अडते. उदाहरणांतील भाव व आवक केवळ नमुन्यासाठी आहेत. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत टाइप कराव्यात; अपवाद फक्त ‘-व्ही’ चा, ते अक्षर मोठे हवे.

वर्डमध्ये तक्ता दोन मिनिटांत होतो. मग साध्या मजकुराचा खटाटोप कशासाठी?

एकदाच छापायचा एकच तक्ता असेल, तर वर्डच वापरावे. त्यात कमीपणा नाही. पण जो अहवाल दर आठवड्याला निघतो, ज्यात आकडे बदलतात आणि मांडणी तीच राहते, आणि जो एकाच वेळी पीडीएफ, वर्ड व वेबपान अशा तीन रूपांत हवा असतो, तेथे मजकूर एका साध्या फायलीत ठेवून मांडणीचे काम यंत्रावर सोपवणे स्वस्त पडते. अशी फाइल कोणत्याही संगणकावर आणि कोणत्याही मजकूर-संपादकात (टेक्स्ट एडिटरमध्ये) उघडते, आणि मागील आठवड्यापेक्षा नेमकी कोणती ओळ बदलली हे ताडून पाहता येते.

पॅनडॉक म्हणजे नेमके काय? अक्षरजुळणी तोच करतो का?

पॅनडॉक हा एका प्रकारच्या दस्तऐवजाचे दुसऱ्या प्रकारात रूपांतर करणारा, कमांड लाइनवर चालणारा मुक्त प्रोग्राम आहे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवणारे जॉन मॅकफार्लेन यांनी तो हॅस्केल या भाषेत लिहिला आणि २००६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. पीडीएफ करताना तो स्वतः अक्षरे जुळवत बसत नाही. मार्कडाउन या, साध्या खुणांनी मथळे, याद्या व तक्ते दाखवण्याच्या लेखनपद्धतीतील मजकूर वाचून तो लाटेक किंवा टाइपस्ट यांसारख्या अक्षरजुळणीच्या यंत्रणेच्या भाषेत उतरवतो आणि पुढचे काम तिच्याकडे देतो. हा फरक लक्षात ठेवणे उपयोगाचे आहे, कारण तक्ता बिघडला की तो वाचताना बिघडला की जुळवताना बिघडला, हे आधी ठरवावे लागते.

तक्ता लिहिण्याची सर्वांत सोपी रीत कोणती?

उभ्या रेघांचा तक्ता ही सर्वांत सोपी रीत होय. कांद्याच्या लिलावाचा नमुना पाहा.

```
| वाण | आवक (क्विंटल) | किमान | कमाल | सर्वसाधारण |
|:---|---:|---:|---:|---:|
| उन्हाळ | १,२५० | ९०० | १,८५० | १,४०० |
| लाल | ३८० | ६०० | १,५०० | १,१०० |

: कांद्याची आवक आणि प्रति क्विंटल दर
```

पहिली ओळ शीर्षकांची आहे. दुसरी ओळ छापली जात नाही. तिच्यातील अपूर्णविरामाची खूण डावीकडे असेल तर रकाना डावीकडे जुळतो, उजवीकडे असेल तर उजवीकडे, आणि दोन्ही बाजूंना असेल तर मध्यभागी. खाली मोकळी ओळ सोडून अपूर्णविरामाने सुरू केलेला मजकूर तक्त्याचे शीर्षक होतो. तोच मजकूर तक्त्याच्या वर लिहिला तरी चालतो. शीर्षकांची ओळ नको असेल तर तिच्यातील जागा रिकाम्या ठेवाव्यात, पण ओळ असावीच लागते. मजकुरातच उभी रेघ लिहायची असेल, तर तिच्याआधी उलटी तिरपी रेघ द्यावी.

माझ्या फायलीत उभ्या रेघा एकाखाली एक येत नाहीत. तक्ता चुकला आहे का?

नाही. या प्रकारात रेघा एका सरळ रेषेत असण्याची पॅनडॉकला गरजच नसते. दोन रेघांच्या मधला मजकूर तेवढा तो वाचतो. हा प्रश्न मराठी लिहिणाऱ्यांकडूनच प्रामुख्याने येतो, म्हणून त्याचे कारण जरा सविस्तर सांगतो.

रोमन लिपीत समान रुंदीचा फॉन्ट घेतला की प्रत्येक अक्षर एकेक जागा व्यापते, आणि मोकळ्या जागा मोजून टाकल्या की रकाने सरळ दिसतात. देवनागरीत हा हिशेब चालत नाही. ‘त्र्यंबकेश्वर’ हा शब्द वाचणाऱ्याला ५ अक्षरांचा दिसतो: त्र्यं, ब, के, श्व, र. संगणक तोच शब्द १३ संकेतांकांत साठवतो, कारण हलन्ताची खूण, अनुस्वार आणि मात्रा यांना स्वतंत्र संकेतांक आहेत. आणि यूटीएफ-८ या, अक्षरे फायलीत साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेतांक ३ बाइटांचा असल्यामुळे फायलीत त्याची लांबी ३९ बाइट भरते. पडद्यावर तो किती रुंद दिसेल, हे या तिन्ही संख्यांपैकी एकीवरूनही ठरत नाही. ते फॉन्टवर आणि त्या संपादकाच्या मर्जीवर ठरते. एका संपादकात मी तासभर खपून सरळ केलेला तक्ता दुसऱ्या संगणकावर पायऱ्यापायऱ्यांचा दिसला, तेव्हापासून हा नाद मी सोडला.

म्हणून मराठी तक्ता फायलीत सुबक दिसावा यासाठी मोकळ्या जागा भरू नयेत. रेघेच्या दोन्ही बाजूंना एकेक जागा सोडली की पुरे. याचा आणखी एक फायदा असा की, ‘लाल’ च्या जागी ‘रांगडा’ लिहिले तर तेवढी एकच ओळ बदलते. रकाने सरळ ठेवण्याच्या हौसेपायी सगळ्या ओळींत जागा वाढवाव्या लागल्या, तर जुन्या-नव्या प्रतींची तुलना करताना संपूर्ण तक्ताच बदललेला दिसतो.

मग पॅनडॉकचे बाकीचे तक्ते कोणी वापरावेत?

पॅनडॉकच्या मार्कडाउनमध्ये तक्त्याचे चार प्रकार आहेत: साधा, बहुओळी, जाळीचा आणि उभ्या रेघांचा. साध्या व बहुओळी तक्त्यांत रकान्याच्या सीमा आडव्या तुटक रेघांच्या स्थानावरून ओळखल्या जातात, म्हणजे जागा मोजून लिहिणे आलेच. जाळीच्या तक्त्यात अधिकच्या खुणा, आडव्या रेघा आणि उभ्या रेघा यांनी प्रत्यक्ष चौकट काढावी लागते आणि शीर्षकाखाली बरोबरच्या चिन्हांची ओळ द्यावी लागते. त्याच्या सेलमध्ये मात्र अनेक परिच्छेद किंवा याद्या बसतात आणि दोन सेल जोडताही येतात, जे उभ्या रेघांच्या तक्त्यात अजिबात जमत नाही.

देवनागरीसाठी माझे मत असे की, पहिल्या तीन प्रकारांच्या वाटेला जाऊ नये. द्राक्षबागेच्या फवारणीच्या नोंदीसारखा, एकेका सेलमध्ये चार-पाच वाक्ये असलेला तक्ता हवाच असेल, तर तो रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या पद्धतीतील यादी-तक्त्याच्या रूपात वेगळ्या फायलीत लिहावा. त्यात प्रत्येक ओळ ही यादी असते आणि प्रत्येक सेल हा उपयादीतील एक घटक असतो. रकाने एकाखाली एक आणण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि पॅनडॉक ही पद्धतही वाचतो. त्याआधी एक प्रश्न स्वतःला जरूर विचारावा: सेलमध्ये परिच्छेद लिहावे लागत असतील, तर ती माहिती खरोखर तक्त्याची आहे का? पुष्कळदा उपमथळे देऊन लिहिलेला सरळ मजकूरच अधिक वाचनीय होतो.

तक्ता येण्याऐवजी ओळी कवितेसारख्या एकाखाली एक छापल्या जातात. असे का?

शीर्षकाखालची आडव्या रेघांची ओळ राहून गेली आहे किंवा तिच्यात चूक आहे. पॅनडॉकमध्ये ओळीच्या आरंभी उभी रेघ आणि तिच्यानंतर जागा असली की त्या ओळी पद्याप्रमाणे, जशाच्या तशा तोडून छापण्याची सोय आहे. तक्त्याची ओळख पटली नाही की तो त्यांना कविता समजतो. तक्ता परिच्छेदातच मिसळून गेला असेल, तर त्याच्या आधी मोकळी ओळ सोडलेली नाही असे समजावे.

एका सेलमध्ये थोडा मजकूर वाढवला आणि संपूर्ण तक्ता पानभर पसरला. पूर्वीसारखा कसा करावा?

हा बिघाड नसून नियम आहे, पण तो माहीत नसेल तर माणूस चक्रावतो. उभ्या रेघांच्या तक्त्यातील सर्व ओळी ठरावीक मर्यादेत असतील, तर रकाने आतील मजकुराइतकेच रुंद होतात आणि सेलमधील मजकूर मोडून खालच्या ओळीत जात नाही. ही मर्यादा मुळात ७२ स्तंभांची आहे. एक जरी ओळ तिच्यापलीकडे गेली, तरी तक्ता मजकुराची पूर्ण रुंदी घेतो, सेलमधील मजकूर मोडू लागतो, आणि कोणत्या रकान्याला किती जागा द्यायची हे दुसऱ्या ओळीतील आडव्या रेघांच्या संख्येवरून ठरते.

म्हणजे तोवर निरर्थक वाटणाऱ्या त्या रेघांना अचानक अर्थ येतो. ‘शेरा’ या रकान्याला ‘दिनांक’ च्या तिप्पट जागा हवी असेल, तर तेथे ९ आणि येथे ३ रेघा द्याव्यात. दोन्हीकडे तीन-तीन रेघा असतील तर दोघांना सारखी जागा मिळेल, आणि दिनांकाभोवती मैदान मोकळे राहून शेरा मात्र एकेका शब्दाच्या ओळींत कोंबला जाईल. तक्ता पसरूच नये असे वाटत असेल, तर आज्ञेत कॉलम्स हा पर्याय देऊन मर्यादा वाढवावी. पण मग मजकूर मोडणार नाही आणि लांब ओळ पानाबाहेर जाऊ शकेल. व्यवहारात मी रेघांची संख्या मोजून देणेच पसंत करतो.

आकड्यांचे रकाने कसे जुळवावेत? दशांश चिन्ह एकाखाली एक आणता येते का?

आकडे नेहमी उजवीकडे जुळवावेत. इगतपुरीचा वार्षिक पाऊस मिलिमीटरमध्ये चार आकडी असतो आणि सिन्नरचा तीन आकडी. रकाना डावीकडे जुळवला तर दोन्ही एकाच रेषेपासून सुरू होतात आणि नजरेला आकारमानातला फरक चटकन कळत नाही. माझ्याच हातून एका दरपत्रकात अशी चूक झाली होती, आणि वाचणाऱ्याने घाईत ९०० हा १,४०० पेक्षा मोठा धरला होता.

पॅनडॉकच्या तक्त्यात दशांश चिन्हावर जुळवण्याची सोय नाही. त्यावर साधा उपाय असा की, एका रकान्यातील सर्व संख्यांना दशांशानंतर तितकेच अंक द्यावेत: १२.५ आणि ७.२५ असे न लिहिता १२.५० आणि ७.२५ असे लिहावे. उजवीकडे जुळवल्यावर दशांश चिन्हे आपोआप एकाखाली येतात, मात्र फॉन्टमधील अंक समान रुंदीचे हवेत. एककाचे नाव प्रत्येक सेलमध्ये न लिहिता शीर्षकात एकदाच लिहावे. देवनागरी आणि आंतरराष्ट्रीय अंक एकाच तक्त्यात मिसळू नयेत, हे सांगायला नको. तरीही ते मिसळलेले आढळतात, कारण अर्धे आकडे हाताने टाइप केलेले असतात आणि अर्धे एक्सेलमधून आलेले असतात.

पीडीएफ करताना चूक दाखवली जाते, किंवा पीडीएफ निघते पण मराठी मजकूर गायब असतो.

पॅनडॉक पीडीएफसाठी मुळात पीडीएफलाटेक हे यंत्र वापरतो, आणि ते देवनागरी अक्षरापाशी थांबते. त्याऐवजी झीलाटेक हे लाटेकचेच दुसरे यंत्र निवडावे. झीलाटेक थांबत नाही, पण त्याच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नसल्यामुळे त्या जागा कोऱ्या राहतात आणि अमुक अक्षर फॉन्टमध्ये नाही अशा सूचना टर्मिनलवर दिसतात. म्हणून फॉन्टही सांगावा लागतो. आज्ञेचा साचा असा आहे:

```
पॅनडॉक दर.एमडी --पीडीएफ-इंजिन=झीलाटेक -व्ही मेनफॉन्ट="शोभिका" -ओ दर.पीडीएफ
```

शोभिका हा मुंबईच्या आयआयटीने उपलब्ध करून दिलेला मुक्त फॉन्ट आहे. नोटो सेरिफ देवनागरी किंवा टिरो देवनागरी मराठी हेही चालतील. अक्षरे दिसतात पण जोडाक्षरे सुटी पडतात किंवा ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला जाते, असे झाल्यास मेनफॉन्टऑप्शन्स या चलात लिपी देवनागरी असल्याचे नमूद करावे. त्याच ठिकाणी भाषा मराठी असल्याचे सांगितले, तर ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे मिळतात. तक्त्यातील एखादा शब्द कोड म्हणून लिहिला असेल, तर त्यासाठी वेगळा फॉन्ट वापरला जातो; तेवढाच शब्द गायब होत असेल तर मोनोफॉन्टही नेमून द्यावा.

जुन्या फायलीतील मराठी मजकूर चिकटवला तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

तो मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. कृतिदेव, शिवाजी किंवा श्रीलिपीचे जुने फॉन्ट यांत संगणकाच्या दृष्टीने रोमन अक्षरेच साठवलेली असतात, आणि त्यांवर देवनागरीचे मुखवटे चढवलेले असतात. पॅनडॉकला मुखवटा दिसत नाही. असा मजकूर आधी परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा आणि नंतर डोळ्यांखालून घालावा, विशेषतः रफार, ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांसारखी अक्षरे आणि अंक. छापखान्यातील डीटीपीकडून आलेल्या फायलींत हा प्रकार आजही सर्रास आढळतो.

आकडे एक्सेलमध्ये आहेत. ते पुन्हा टाइप करावे लागतील का?

मुळीच नाही. एक्सेलमधून फाइल सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या, स्वरूपात साठवावी. जतन करताना यूटीएफ-८ असे नमूद केलेला सीएसव्ही प्रकार निवडावा, कारण नुसत्या सीएसव्हीत मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात आणि ती परत मिळत नाहीत. पॅनडॉक सीएसव्ही थेट वाचतो आणि उभ्या रेघांचा तक्ता लिहून देतो.

येथे आपल्या स्वल्पविरामांची एक गंमत आहे. सीएसव्हीत स्वल्पविराम म्हणजे रकान्याची सीमा, आणि १,२५,००० या संख्येत दोन स्वल्पविराम आहेत. संख्या दुहेरी अवतरणचिन्हांत नसेल, तर एका रकान्याचे तीन होतात. एक्सेल ही चिन्हे आपण होऊन घालते. फाइल हाताने लिहिणाऱ्यानेच ही काळजी घ्यायची असते.

लांब तक्ता पुढच्या पानावर जातो तेव्हा शीर्षके पुन्हा येतात का? आणि रुंद तक्त्याचे काय?

लाटेकच्या मार्गाने गेल्यास लांब तक्ता आपोआप पुढील पानावर चालू राहतो आणि शीर्षकांची ओळ प्रत्येक पानावर पुन्हा छापली जाते. मात्र एक ओळ दोन पानांत विभागली जात नाही. एखाद्या सेलमध्ये अर्धे पान मजकूर असेल, तर ती ओळ पूर्णच्या पूर्ण पुढे ढकलली जाते आणि मागे मोठी पोकळी राहते.

रुंद तक्ता अधिक त्रास देतो. जिल्ह्यातील १५ तालुके आणि १२ महिने यांचा पावसाचा तक्ता घ्या. महिने आडवे मांडले तर तालुक्याच्या नावासह १३ रकाने होतात आणि उभ्या पानावर ते बसत नाहीत. प्रथम पाहावे की पावसाळ्याचे चार महिने आणि ‘इतर’ एवढ्यावर भागते का, बहुधा भागते. सगळे महिने हवेच असतील तर लाटेकमधील आडव्या पानाचे पॅकेज घ्यावे लागते. येथे एक खोच आहे: आडव्या पानाची सुरुवात आणि शेवट लाटेकच्या नेहमीच्या आज्ञांनी लिहिला, तर मधला सगळा मजकूर पॅनडॉक कच्चे लाटेक समजून तसाच पुढे पाठवतो आणि तक्ता रेघांसकट छापला जातो. त्यावर उपाय म्हणून लाटेकच्या प्रस्तावनेत, म्हणजे मजकुराआधीच्या आज्ञांच्या भागात, त्या दोन आज्ञांना आपली स्वतःची नावे देऊन ठेवावीत आणि मजकुरात ती नावेच वापरावीत.

शीर्षकापुढे ‘तक्ता’ ऐवजी इंग्रजी शब्द छापला जातो.

लाटेकमध्ये तो शब्द टेबलनेम या आज्ञेत असतो. मजकुराच्या अगदी आरंभी तिला ‘तक्ता’ हे मूल्य द्यावे. प्रस्तावनेत दिल्यास ते टिकेलच असे नाही, कारण भाषेचे पॅकेज वापरात असेल तर ते दस्तऐवज सुरू होताना आपले शब्द भरते.

कार्यालयाने वर्डचीच फाइल मागितली तर?

तीच मूळ फाइल वर्डच्या रूपात काढावी. तक्त्यांचे रूप बदलण्यासाठी पॅनडॉकला संदर्भ-दस्तऐवज देता येतो: त्या दस्तऐवजातील ‘टेबल’ नावाची शैली एकदा वर्डमध्ये दुरुस्त केली, की पुढच्या प्रत्येक अहवालातील तक्ते त्याच शैलीत निघतात. निघालेल्या वर्ड फायलीत आकडे दुरुस्त करू नयेत. पुढच्या आठवड्यात मूळ फायलीतून ती चूक पुन्हा उगवते.

जुने लोक टीबीएलचे नाव घेतात. ते आज उपयोगी आहे का?

टीबीएल हा तक्त्यांसाठीचा जुना आणि अतिशय विचारपूर्वक घडवलेला प्रोग्राम आहे. बेल लॅब्जमध्ये मायकेल लेस्क यांनी १९७० च्या दशकात तो लिहिला. तो स्वतः छापत नाही; टीएस आणि टीई या दोन खुणांमधील तक्ता वाचून तो ट्रॉफ या अक्षरजुळणीच्या प्रोग्रामला समजेल अशा आज्ञा लिहून देतो. प्रत्येक रकान्यासाठी एकेक अक्षर द्यायचे: डावीकडे, उजवीकडे, मध्ये, किंवा संख्या. संख्येचा रकाना दशांश चिन्हावर जुळतो, म्हणजे पॅनडॉकच्या तक्त्यात आज जे होत नाही ते तेथे तेव्हापासून होते. जेम्स क्लार्क यांनी १९९० मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या, ट्रॉफच्या ग्रॉफ या मुक्त आवृत्तीत टीबीएल अंतर्भूत आहे, आणि लिनक्समधील मदतपानांतील तक्ते आजही त्याच पद्धतीने लिहिले जातात.

इंग्रजी तक्त्यांसाठी मी तो आनंदाने वापरतो. मराठीसाठी वापरता येत नाही, कारण ग्रॉफ देवनागरीची जोडाक्षरे आणि मात्रा जुळवण्याचे काम करत नाही.

लाटेकची संपूर्ण प्रणाली काही गिगाबाइटची आहे. आमच्या गावातील इंटरनेटवर ती उतरत नाही.

मग टाइपस्ट वापरून पाहावे. हा रस्ट भाषेत लिहिलेला मुक्त प्रोग्राम २०२३ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. तो एकाच लहान फायलीत येतो आणि देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळवतो. पॅनडॉकला पीडीएफचे यंत्र म्हणून झीलाटेकऐवजी टाइपस्ट सांगितले, तर मार्कडाउनमधील तक्ता आहे तसाच राहतो. वर सांगितलेल्या लाटेकच्या खास आज्ञा मात्र तेथे चालणार नाहीत. आडवे पान आणि ‘तक्ता’ हा शब्द यांसाठी टाइपस्टच्या स्वतःच्या आज्ञा लिहाव्या लागतील.